गजावरची रेघ

माझ्या बापाने मला बारुदाला हात लावू दिला तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते. तेही कौतुकाने नाही, नाइलाजाने.

ठासणीच्या जुन्या बंदुकांचा एक क्लब आहे. नळीत वरून बारूद ओतायचं, त्यावर तेलकट चिंधीतली गोळी ठेवायची, लांब गजाने खाली ठासायची, आणि एवढा खटाटोप करून लांबच्या कागदाला एक भोक पाडायचं. बाप चाळीस वर्षं दर रविवारी हे करतोय. आता त्याचे हात थरथरतात. गेल्या खेपेला अर्धं बारूद नळीत गेलं, अर्धं बुटांवर. तिथे देखरेखीला एक निवृत्त मास्तर असतो. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नावच शिट्टी. तो म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. घरचं कुणी भरून देणार असेल तर या. आणि त्याला जमतंय का ते मी आधी बघणार. नाहीतर बंदूक कपाटात."

बाप घरी येऊन जेवला नाही. दादाला फोन लावला. दादा दूर देशी. लहानपणी हे सगळं दादाला शिकवलं होतं, मला नाही. मी अकरा वर्षांची असताना हट्ट केला तर बाप म्हणाला होता, "हे तुझं काम नाही." ते वाक्य मी पस्तीस वर्षं विसरलेले नाही. दादा म्हणाला, "बाबा, पुरे झालं आता. पत्ते खेळा ना."

पत्ते! बापाला महिन्यातून एक फोन करायला ज्याला जमत नाही, तो त्याला पत्ते खेळायला सांगतो. मी फोन ओढून घेतला. "मी भरेन."

बापाने माझ्याकडे असं बघितलं, जणू कपाटच बोललं.

खरं बारूद घरात ठेवत नाहीत. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावर, बंदुकीच्या एका निकामी नळीत, चहापत्ती ओतून शिकायचं ठरलं. मी माझा काटा आणला. मी दवाखान्याच्या औषधखान्यात काम करते, मिलिग्रॅमवर माझं पोट आहे.

"हे काय?"

"काटा. अचूक असतो."

"परत ठेव. इथे वजन नाही, माप." त्याने पितळेचं बोटाएवढं माप पुढे केलं. "काठोकाठ भर. तीन टिचक्या मार. वर आलेलं कार्डाने सपाट कर. दाबायचं नाही."

"चार मारल्या तर?"

"तर पत्ती बसते आणि जास्त मावते. बंदुकीला तुझी लहर चालत नाही, बाई. काल जेवढं, आजही तेवढंच."

बारूद ज्यात ठेवतात त्या शिंगातून थेट नळीत कधीच ओतायचं नाही; आत ठिणगी राहिली असेल तर शिंग हातात फुटतं. शिंगातून मापात, शिंग बंद, मग मापातून नळीत. वापरून झालेली पत्ती आम्ही उकळत होतो. चार दिवस पितळेच्या वासाचा चहा प्यालो. बापाला तो आवडला. मला नाही.

चौथ्या दिवशी माझा हात बसला होता. बाप बडबडायला लागला.

"आमच्या लग्नात तुझी आई रडली नव्हती, माहितीये?"

"मग?"

"मी रडलो. हुंदके देऊन. लोक तिची समजूत घालायची सोडून माझी घालत होते."

मी हसत सुटले.

"पत्ती ओतलीस का?"

"नाही अजून," मी ठणकावून सांगितलं, माप भरलं आणि ओतलं.

त्याने गज नळीत सोडला. गजावर एक कोरलेली रेघ आहे. नळी रिकामी असेल तर ती रेघ नळीच्या तोंडाशी येते. एक माप असेल तर दोन बोटं वर राहते. आता ती चार बोटं वर होती.

बापाने डावा हात टेबलावर ठेवला. त्याचा अंगठा अर्धाच आहे. स्वतःच्या चुकीने गेला, असं तो सगळ्यांना सांगतो.

"हा तुझ्या दादाच्या चुकीने गेला. सोळाचा होता. मी विचारलं, ओतलंस का? 'नाही' म्हणाला. अगदी तुझ्यासारखा छातीठोक. दुप्पट गेलं. चाप मी ओढला. नळी फुटली."

"आणि नाव स्वतःचं सांगितलंत?"

"पोर होतं ते."

"आणि मी?"

"तू अकराची. पुढच्याच महिन्यात मागायला आलीस. मला तुझी दहाच्या दहा बोटं हवी होती."

"मग तसं सांगायचं! 'तुझं काम नाही' कशाला?"

त्याने नळी उलटी केली आणि सांडलेली पत्ती गोळा करायला लागला. एकेक दाणा. "घाबरलो म्हणायची लाज वाटली."

मी माफ केलं नाही. पस्तीस वर्षं काय चहात विरघळतात? पण त्याचा कप मी आधी भरला.

"मी काय म्हणायला हवं होतं?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही?"

"अगं, तेच म्हणायचं. 'माहीत नाही.' आणि गज टाकायचा."

रविवारी खरं बारूद होतं. शिट्टी माझ्या खांद्याशी उभा. मी माप भरलं, टिचक्या मारल्या. तेवढ्यात शेजारी धडाम्‌ झालं आणि शिट्टी म्हणाला, "तुमचे दादा आले असते तर काळजीच नव्हती. काय तयार हात होता त्यांचा!"

माझं डोकं सणकलं. भानावर आले तेव्हा माप हातात होतं, रिकामं.

"भरलं का?" शिट्टीने विचारलं. मागे दहा-बारा जण उभे. बाप जमिनीकडे बघत होता. चोवीस वर्षांत मी औषधखान्यात कुणापुढे असं बोलले नव्हते.

"माहीत नाही," मी म्हणाले.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी गज सोडला. रेघ दोन बोटं वर.

"भरलंय. एकदाच."

शिट्टीने वाकून रेघ बघितली, मग मला बघितलं. "काका, पुढच्या रविवारी जरा लवकर या. नंतर गर्दी होते."

मी गोळी ठासून दिली. बापाने बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली. मग बंदूक हलत नाही, बापच हलतो. बार झाला. पांढरा धूर विरला, आणि कागद जसाच्या तसा, कोरा.

बाप माझ्याकडे वळला. तोंडभर हसू. "बारूद अगदी बरोबर होतं!"

"आणि नेम?"

"नेमाचं तू बोलू नकोस. दुसरी भर."

मी माप भरलं आणि पहिली टिचकी मारली. आमचा बडबड्या बाप शेजारी तोंड घट्ट मिटून उभा होता.