दुसरी हाक

मी एक कॉलर माईक बोलतोय. हरभऱ्याच्या दाण्याएवढं माझं डोकं, त्याला काळी वायर आणि वायरच्या टोकाला कमरेला खोचायची डबी. कुठल्या कारखान्यात जन्मलो ते आठवत नाही. समज आली ती बारामतीत, आरिफच्या बॅगेत.

आरिफ लग्नांचं शूटिंग करायचा. लॉनवर नवरदेवाच्या शेरवानीला मला लावायचा. कधी सत्कार, कधी शाळेचं गॅदरिंग. माणसं बोलायला उभी राहिली की छाती पुढे काढतात, पण मी त्या छातीलाच चिकटलेला. आतली धडधड मला आधी ऐकू यायची.

मग इंद्रजित आला. नरसिंहपूरजवळच्या एका वस्तीवरचा, पुण्यात सिनेमाचं शिकलेला. त्याला स्वतःच्या घरावर सिनेमा करायचा होता, आवाजासाठी त्याने आरिफला घेतलं. त्याचा धाकटा भाऊ युवराज एका पहाटे शेतीची लाईट आल्यावर नदीवरची मोटर चालू करायला गेला आणि परत आला नाही. स्टार्टरच्या पेटीत करंट उतरला होता. सिनेमात थोरल्या भावाचं काम इंद्रजित स्वतः करणार होता. आईचं काम करणारी नटी आयत्या वेळी आली नाही, म्हणून त्याने आपल्या आईलाच, दगडाबाईंना, उभं केलं.

"मला काय येतंय त्यातलं?"

"जशी बसतीस तशी बस, आई."

"तशी बसले तर लोक उठून जातील की रं."

मला लावायचं कोणी, हा प्रश्न आला. बाईमाणसाच्या पदराला आरिफ हात लावेना. तेव्हा शेजारच्या करिमाने मला पदराच्या आत पिनेने अडकवलं.

"टोचलंस की गं!"

"गप ऱ्हा. हिरोईनीला टोचायचंच."

प्रसंग साधा होता. आईने थोरल्याला भाकरी वाढायची आणि म्हणायचं, "तू गेला असतास तर माझा युवराज वाचला असता." इंद्रजितनेच लिहिलेलं वाक्य. सकाळभर दगडाबाई भाकरीपर्यंत नीट यायच्या आणि तिथं अडायच्या.

"मी असं म्हणले न्हाय रं कधी."

"सिनेमात म्हणायचंय, आई."

"सिनेमात तरी कशाला?"

"एकदा म्हण की!" तो असा ओरडला की कॅमेरावाल्यानेही मान खाली घातली. पोराने मार मागावा तसं तो ते वाक्य मागत होता.

जेवणाची सुट्टी झाली. सुट्टीत माईक काढायचा, बंद करायचा, हा आरिफचा नियम. पण मला काढायचं म्हणजे पुन्हा आडोसा, पुन्हा पदर. तो संकोचला. "राहू दे मावशी, जेवून परत लावायचाच आहे," म्हणाला. बंद करायला डबीही निऱ्यांमागे खोचलेली. मी चालूच राहिलो.

दोघी मागच्या पडवीत बसल्या. करिमा भांडी घासायला लागली.

"म्हण की एकदा. पोरगं कवाधरनं मागं लागलंय."

"कसं म्हणू? त्या पहाटं लाईट आली तवा मी आधी इंदरालाच हाक मारली. पुण्यास्नं आला हुता. त्यो जागा हुता गं. पापणी हलली त्याची, मला दिसली."

"मग?"

"दुसरी हाक मारली न्हाय. दमून आलंय, निजू दे म्हणलं. मग युवराजला हलवलं. आई, थोडं थांब म्हणत हुता. मीच त्याचं पांघरूण वढलं."

भांड्यांचा आवाज थांबला.

बाहेर इंद्रजितने सकाळचे टेक ऐकायला म्हणून हेडफोन कानाला लावले होते; रेकॉर्डर चालूच होता, त्यात पडवीतलं बोलणं येत होतं. हे मला नंतर आरिफच्या बोलण्यातून कळलं. इंद्रजित पडवीत आला तेव्हा करिमा उठून आत गेली.

"आई, माईक चालू ऱ्हायला."

दगडाबाईंचा हात माझ्यावर आला. कापडाची सळसळ झाली.

"समदं ऐकलंस?"

"व्हय."

"बरं झालं. दुसऱ्यांदा मला सांगता आलं नसतं. घाल तुझ्या सिनेमात. पण मला एकटीला बसवू नगंस लोकांम्होरं. तुझं तू म्हण. माझ्या तोंडून वदवू नगंस."

त्यांनी मला स्वतः काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या शर्टाला लावलं.

कॅमेरा सुरू झाला. ताट आलं, भाकरी आली. इंद्रजितने ताट पुढ्यात ओढलं. मी पुष्कळ नवरदेवांच्या छात्या ऐकल्यात, अशी कुठलीच नव्हती.

"आई, मी जागा हुतो."

"ठावं हाय."

"हाक ऐकली हुती मी. उठायचा कंटाळा केला."

"ठावं हाय, बाळा. जेव."

कट म्हणणारा तोच होता. तो म्हणाला नाही, आणि कॅमेरावाल्याला थांबवायचा धीर झाला नाही. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, त्याचाही आवाज विरला. इंद्रजितने घास घेतला की नाही, मला सांगता येणार नाही. माझी बॅटरी तिथंच संपली.

सिनेमा पुरा झाला. पडवीतलं बोलणं त्यात आहे आणि इंद्रजितचंही. बारामतीत एका सकाळी खेळ लागला. दगडाबाई आल्या नाहीत. इंद्रजित दाराशी उभा होता. बाहेर पडणाऱ्या माणसांना त्याच्याशी काय बोलावं कळेना, तेव्हा काहींनी नुसता हात हातात घेतला.

आता माझी वायर मानेपाशी तुटली आहे. आरिफने नवे माईक घेतले. मी जुन्या केबलींबरोबर ड्रॉवरमध्ये पडून असतो. मध्ये करिमा आरिफकडे आली होती, ती सांगत होती. इंद्रजित वस्तीवरच राहतो. लाईट आली की तोच उठतो आणि नदीवर जातो. दगडाबाई जाग्याच असतात, पण हाक मारत नाहीत. तो परत आल्याचा पायरव ऐकू येईपर्यंत अंथरुणात बसून राहतात.

मला आता कुणी दुरुस्त करणार नाही, तसं मागणंही नाही. एवढंच सांगून गप्प होतो. घरात पहाटे कुणी हळू आवाजात हाक मारली आणि तुम्ही जागे असलात, तर ओ द्या.