खुर्ची एकटी जात नाही

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, आधीच सांगते, मी रागावलेली आहे. राग उतरण्याची वाट बघत बसले, तर ही गोष्ट कधीच सांगून होणार नाही.

डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनजवळ, एका इमारतीच्या तळमजल्यावर ‘शेजार मंडळा’ची खोली आहे. लोकांनी वर्गणी काढून मला तिथे आणलं. ज्या घरी आजारपण, त्या घरी मी जायचे. मंडळाचा नियम एकच होता: खुर्ची एकटी जात नाही. खोलीची किल्ली दाराबाहेरच्या खिळ्याला असे. जो ती काढेल, त्यानेच मला न्यायचं, पेशंटला पोचवायचं आणि परत आणायचं. खिळा रिकामा दिसला की बाकीचे निर्धास्त होत.

सगळ्यात जास्त वेळा ती किल्ली रंगूबाईंनी काढली. हात खरखरीत, तोंड फटकळ. “रडता काय? वरात निघालीय तुमची, जरा ऐटीत बसा!” असं म्हणून त्या पेशंटला हसवायच्या.

मग मंडळाचा फोनवर ग्रुप निघाला. खोटं बोलणार नाही, सुरुवातीला त्याचा उपयोग झाला. रक्त हवं म्हटलं की लगेच माणूस मिळे. पण हळूहळू खोलीतली बैठक बंद पडली. ग्रुपवर फुलं आणि सुविचार येऊ लागले. दूर घोडबंदरला राहायला गेलेलेसुद्धा मंडळात राहिले, आणि समोरासमोरच्या दारातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली.

गेल्या वर्षी रंगूबाईंचाच खुबा मोडला. त्याच सुमारास त्यांचे यजमान धाकूकाका हॉस्पिटलात अखेरच्या घटका मोजत होते. नात संचिताने ग्रुपवर लिहिलं, “आजीला आजोबांना शेवटचं भेटायचंय. दुपारी खुर्ची आणि जिना उतरवायला दोन माणसं हवीत. प्लीज.”

अंगठ्यावर अंगठे आले. “नक्की.” “आम्ही आहोत ना!” प्रत्येकाने इतरांचे अंगठे पाहिले आणि ठरवलं, एवढे जण आहेत, मी कशाला? दुपारभर किल्ली खिळ्यावरच होती. जाळीच्या दारातून मला ती दिसत होती.

संध्याकाळी मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्या वासंतीताई कामावरून परतल्या. किल्ली पाहून त्या थबकल्या, आणि मला ओढत जिना चढल्या. रंगूबाई ठेवणीतली साडी नेसून पलंगावर बसल्या होत्या. हॉस्पिटलातून फोन येऊन गेला होता. धाकूकाका गेले होते.

“चला रंगूबाई, मी नेते.”

“आता खुर्ची कशाला आणलीस गं? मगाशी माणूस हवा होता.”

वासंतीताईंनी तिथेच उभ्याने ग्रुपवर विचारलं, “दुपारी कोण जाणार होतं?” ग्रुप सांभाळणाऱ्या हर्षितचं उत्तर आलं, “ताई, इथे पर्सनल नको. वातावरण खराब होतं.” त्यांनी पुन्हा विचारलं, तर त्याने त्यांना ग्रुपमधून काढून टाकलं. त्यानंतर एकाखाली एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ येत राहिल्या. त्याच माणसांच्या! वासंतीताईंना अजून कोणी परत घेतलेलं नाही.

रंगूबाईंनी मला मात्र आपल्या दाराशी ठेवून घेतलं. ज्याला हवी त्याने दारात येऊन तोंडाने मागावी, असं त्यांनी सांगून टाकलं.

गेल्या महिन्यात हर्षित आला. “आजी, आईला डॉक्टरकडे न्यायचंय. खुर्ची...”

“ग्रुपवर टाकलंस काय?”

“टाकलंय.”

“मग? कोण आलं?”

हर्षितने फोन खिशात टाकला.

“बस त्या पलंगावर. मी बसलेली, तिथंच बस. बघ जरा वाट.”

तो बसला. चहा उकळला, गाळला, निवला. शेवटी रंगूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “ने. आणि तू स्वतः ढकलायची. एकटी पाठवू नकोस तिला.”

मित्रांनो, मला तेलपाणी नको, नवी गादी नको. कोणी हाक मारली आणि येणार असाल, तर उठा. येणार नसाल, तर ‘जमणार नाही’ असं स्पष्ट लिहा. त्या दुपारी एकाने जरी तसं लिहिलं असतं, तरी दुसरा कोणी उठला असता.