न मागितलेलं बिल

आमच्याकडे गिऱ्हाईक मागेल तेव्हाच बिल द्यायचं. न मागता ठेवलं, तर उठा आणि चालते व्हा असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. ब्यूनोस आयरेसच्या विशा उर्किसा भागात, कोपऱ्यावरच्या 'ला तोरकासा'त मी सव्वीस वर्षं भाजलेल्या मांसाची ताटं वाहिली, पण असलं पाप कधी केलं नाही.

गेल्या वर्षी मालकिणीच्या मुलीचं लग्न झालं आणि जावईबापू एसेकिएल गल्ल्यावर येऊन बसले. बार्सिलोनात शिकून आलेले. नव्वद मिनिटांत टेबल रिकामं झालंच पाहिजे, असा त्यांनी फतवा काढला.

त्या रविवारी दुपारी खिडकीजवळच्या टेबलाशी देल्फोर नेहमीसारखा एकटा बसला होता. त्याचं आणि त्याची बहीण अमांडाचं आईच्या घरावरून अकरा वर्षं बोलणं नव्हतं. ती शनिवारी जेवायला यायची, हा रविवारी. चुकून समोरासमोर आलीच तर दोघंही भिंतीकडे बघायची. त्या दिवशी मात्र अमांडा रविवारी आली, सरळ त्याच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "सरक. ऊन लागतंय मला."

देल्फोर सरकला.

जेवताना दोघांत मनातला एक शब्द नाही. फासळ्या झाल्या, कुरकुरीत आतडी झाली, सोडा घातलेली लाल वाईन संपत आली. मला काळजी वाटली नाही. आमची माणसं तोंडात घास असेतोवर फुटबॉल आणि हवापाणी बोलतात. मनातलं बाहेर येतं ते ताटं रिकामी झाल्यावर, पावाचे तुकडे चिवडताना. देल्फोरनेही पाव चिवडायला घेतला.

"आईच्या शेवटच्या आजारपणात मी यायला हवं होतं," तो म्हणाला.

"हो, हवंच होतं," अमांडा म्हणाली आणि रडायला लागली.

त्यांना एकटं सोडावं म्हणून मी पाठ वळवली, तर जावईबापू पुढ्यात.

"निकानोर, त्या दोघांना बिल नेऊन दे. पावणेचार वाजले. दारात बारा माणसं ताटकळली आहेत."

"त्यांनी मागितलं नाही."

"म्हणून तर तू ने."

"त्या बाई रडताहेत, दिसत नाही का तुम्हाला?"

"रडायला घर आहे ना त्यांना?"

त्या घरापायीच तर सगळं झालं होतं. माझं डोकंच सटकलं.

"नाही नेणार," मी म्हणालो.

"मग ॲप्रन काढ. उद्यापासून येऊ नकोस."

शेगडीपाशी मांस उलटणाऱ्या ओव्हिदियोचा चिमटा हवेतच थांबला. मी एकसष्ट वर्षांचा. या वयात दुसरीकडे कोण घेणार, घरी बायकोला काय सांगणार? तरीही ॲप्रन सोडला, नीट घडी केली आणि जावईबापूंच्या हातात दिला.

ते स्वतःच बिल घेऊन तरातरा निघाले. खिडकीकडे जायला दोन टेबलांमधून एकच अरुंद वाट आहे, आणि अलीकडचं टेबल नुकतंच रिकामं झालं होतं. मी त्याची खुर्ची वाटेत आडवी ओढली आणि बसलो. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच. आमच्या खुर्च्या इतक्या टणक आहेत हे मला माहीतच नव्हतं.

"ऊठ इथून!"

"का म्हणून? मी आता गिऱ्हाईक आहे. नोकर होतो तो तुम्ही काढून टाकलात."

"दारात रांग लागलीय, रांग!"

रांगेत पहिली उभी होती एक बाई, कडेवर पेंगुळलेलं पोर. तिने तिथूनच आवाज चढवला, "अहो, बोलताहेत ना ती माणसं? बोलू द्या की! आम्ही थांबतो."

"आणि जेवणाऱ्याला उठवणार असाल, तर आम्ही हे निघालो," तिच्या मागचा म्हातारा गुरकावला. मी रांग मोडून बसलो होतो, त्याबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

जावईबापूंनी सगळीकडे बघितलं. जेवणारी माणसं घास थांबवून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी बिल खिशात कोंबलं.

"काय हवंय तुला?" त्यांनी दात आवळून मला विचारलं.

"कमरेचा जाड तुकडा, आतून लालसर. ओव्हिदियोला सांगा, निकानोरला हवाय."

खिडकीशी देल्फोर आता आईची नक्कल करत होता आणि अमांडा नाक पुसता पुसता हसत होती. त्यांना यातलं काहीच कळलं नव्हतं, आणि तेच मला हवं होतं.

वाढायला दुसरं कोणी नव्हतंच, म्हणून माझा तुकडा जावईबापूंनाच आणावा लागला. त्यांनी ताट माझ्यापुढे आदळलं आणि वळले.

"जावईबापू," मी हाक मारली, "सुरी ताटाच्या आधी ठेवतात. पळा, घेऊन या."