बोळकं हवंय

परीक्षेच्या दिवशी उजाडता उजाडता टिटवीचा फोन वाजला आणि पलीकडून शिंपीकाका म्हणाले, पोरी, मी आजोबा झालो.

टिटवीनं अभिनंदन केलं. मुलगा की मुलगी, वजन किती, बाळंतीण कशी आहे, सगळं रीतसर विचारलं. मग काकांनी सांगितलं की ते गाडीत बसलेत, लेकीकडे निघालेत, आठवडाभर तरी परतायचे नाहीत, तेव्हा आज कॉलेजात यायचं जमणार नाही, राग मानू नकोस. छे, राग कसला, असं म्हणून टिटवीनं फोन ठेवला आणि न्हाणीघरातली बादली पालथी घालून तिच्यावर बसून राहिली.

संकट यायच्या आधीच ओरडायला लागते म्हणून तिला वर्गानं टिटवी हे नाव दिलं होतं. आज संकट उंबऱ्यापर्यंत आलं तरी तिच्या तोंडून आवाज फुटेना.

दातांच्या डॉक्टरकीचं हे तिचं शेवटचं वर्ष. आणि शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलचा एक नियम असा की आपला पेशंट आपण आणायचा. साधा पेशंट नाही. तोंडात औषधालाही दात शिल्लक नसलेला. त्याच्या दोन्ही जबड्यांची मापं घ्यायची, मापांवरून प्लास्टरचे साचे ओतायचे आणि पुढ्यात उभ्या परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पेशंट नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर सहा महिने घरी बसा. त्यामुळे वर्ष सुरू झाल्यापासून सगळा वर्ग बोळक्या तोंडांच्या मागे असा लागला होता, की उपवर मुलींच्या मागे कोणी लागलं नसेल. टिटवीनं शिंपीकाकांना धरून ठेवण्यासाठी काय काय केलं होतं! त्यांच्या गुडघ्याची कथा तिला पाठ झाली होती. ते सांगतील तेव्हा त्यांच्या चष्म्याची काडी बसवून आणली होती. आणि ऐन वेळी त्यांना नातू झाला.

रेशीमनं न्हाणीघराचं दार वाजवलं. रेशीम म्हणजे तिच्या खोलीतली मैत्रीण. पाच वर्षांत तिचा आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नव्हता. तिला वर्गात हजेरी द्यायची तर पुढच्या बाकावर बसावं लागे. तिनं सगळं ऐकून घेतलं, हळू आवाजात "अरे देवा" म्हटलं, आणि समोरच्या गल्लीत राहणाऱ्या उंटाला फोन लावला. उंट हा त्यांचा तिसरा. उंची सोडली तर त्याच्यात उंटासारखं काही नव्हतं. उंटाला म्हणे धीर असतो. तो एका पायात चप्पल आणि एका पायात बूट घालून स्कूटर घेऊन हजर झाला.

त्याचा आणि रेशीमचा पेशंट पक्का होता, अडलं होतं ते टिटवीचं. त्याचं म्हणणं सरळ होतं. गावात म्हातारी माणसं आहेत की नाही? आहेत. म्हातारी माणसं सकाळी उठतात की नाही? उठतात. मग उरतं काय, तर त्यांना तोंड उघडायला लावायचं.

पहिला प्रयोग बसथांब्यावर झाला. तिथे तीन आजोबा बाकावर बसले होते. उंटानं त्यांच्यापुढे उभं राहून एक विनोद सांगितला. विनोद वाईट होता आणि सांगणारा त्याहून घाबरलेला. एक आजोबा हसले नाहीत. दुसऱ्यांनी विचारलं की तो कुठल्या टूथपेस्टची जाहिरात करतोय का. तिसरे हसले, खदखदून हसले, आणि त्यांच्या तोंडात खणखणीत बत्तीस दात निघाले. टिटवीला त्या दातांचा मनापासून राग आला, आणि पाठोपाठ हसू आलं. ते तिला आवरेना. परीक्षेला दोन तास उरलेले, हातात पेशंट नाही, आणि आपण एका भल्या माणसाला दात आहेत म्हणून त्याच्यावर चिडलोय. ती थांब्याचा खांब धरून हसत सुटली. तिचं बघून रेशीम हसायला लागली, तीही आवाज न करता, नुसती डोळ्यांतून पाणी गाळत. उंट म्हणाला, तुम्ही दोघी हसून घ्या, मी तोवर टिटवीऐवजी नापास होतो.

पण त्या हसण्यानंच रेशीमला बाग आठवली. तळ्याजवळच्या बागेत रोज सकाळी हास्यक्लब भरतो. म्हातारी माणसं गोल करून उभी राहतात आणि मोठ्यानं हसतात. तोंड उघडून.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. पाच मिनिटांत ते बागेत होते.

हास्यक्लबाचे पुढारी एक निवृत्त बँक मॅनेजर होते. तरुण पिढीला हसावंसं वाटतंय याचा त्यांना फार आनंद झाला. त्यांनी तिघांना गोलात तीन ठिकाणी उभं केलं आणि हुकूम दिला, दोन्ही हात वर, मान मागे, हा हा हा. पंचवीस तोंडं उघडली. तिघंही तोंडानं हा हा करत होती आणि डोळ्यांनी शेजाऱ्यांच्या घशापर्यंत पोचत होती. उंटाला वरून काही दिसेना म्हणून तो गुडघ्यांत वाकून, मान वेळावून हसत होता. मॅनेजरांनी त्याच्याकडे बोट दाखवून सांगितलं, असं हसा, सगळं अंग हसलं पाहिजे.

पहिली फेरी संपली तेव्हा उंट टिटवीच्या कानाशी लागला. "पलीकडचे सगळे कवळीवाले. टोपीवाल्यांचे स्वतःचे आहेत, पण फार दिवसांचे सोबती नाहीत."

कवळी असलेला चालला असता. कवळी काढली की खाली बोळकंच. पण कोणाला विचारायचं आणि कसं? त्या विचारात टिटवी असताना रेशीमनं तिची बाही ओढली आणि हनुवटीनं दाखवलं. गोलात सगळ्यांत लांब एक बाई उभ्या होत्या. आखूड पांढरे केस, ट्रॅकसूट, रुंद खांदे. त्या हसत होत्या, खांदे गदगदत होते, पण तोंडावर तळहात घट्ट दाबलेला.

टिटवी गोल ओलांडून सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. वाटेत तिनं नमस्कार, ओळख, विनंती अशी सगळी वाक्यं जुळवली होती. तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"बाई, तुम्हाला एकही दात नाही ना?"

हास्यक्लबाचं हा हा हा तिथेच तुटलं. मॅनेजरांचे वर गेलेले हात वरच राहिले. टिटवीला वाटलं, तळं जवळ आहे ते बरं आहे.

बाईंनी तळहात काढला नाही. त्याच्या आडूनच त्या म्हणाल्या, "आहेत की. एक कवळी तरणतलावाच्या गाळणीत गेली, दुसरी घरी पेल्यात पडून आहे. तुला कुठली हवी?"

मग टिटवीनं त्यांना सगळं सांगितलं. शिंपीकाका, नातू, सहा महिने, बसथांबा, एका दमात. बाईंनी ते तलावाच्या काठावरून एखाद्या पोराचे हातपाय बघावेत तसं ऐकलं. त्या पोहायला शिकवत. सारं गाव त्यांना कोचबाई म्हणे. दात गेले तशी तोंडात शिटी टिकेना, बोललेलं पोरांना कळेना आणि कळलं तर पोरं फिदीफिदी हसत. दोनदा कवळी करून घेतली. पहिली पाण्यात गेली, दुसरी जिभेवर नाचायची. तेव्हापासून त्यांनी शिकवणं सोडलं होतं आणि दातांच्या डॉक्टरांवरचा विश्वासही.

"येते," त्या म्हणाल्या. "पण नुसतं परीक्षेपुरतं तोंड द्यायला येणार नाही. सूर मारला तरी जागची हलणार नाही अशी कवळी तू मला करून द्यायचीस."

"देते," टिटवी म्हणाली.

मागे उंटाला जोराचा ठसका लागला.

कॉलेजात जायचं म्हणजे पुन्हा स्कूटर आली. उंटानं ती सुरू करून जेमतेम बागेचं फाटक ओलांडलं असेल, कोचबाईंनी मागून त्याच्या खांद्यावर थाप मारली, त्याला उतरवलं आणि स्वतः पुढे बसल्या. टिटवी मागे बसली. उंट आणि रेशीम बसकडे पळाले. कोचबाईंनी स्कूटर अशी काढली की टिटवीला परीक्षेची भीती वाटेनाशी झाली. तिथवर जिवंत पोचण्याचीच चिंता लागली. वळणावर त्या मान वळवून सांगत होत्या, श्वास सोड पोरी, श्वास धरून ठेवलास की माणूस बुडतो. आणि टिटवी वाऱ्यात हसत होती, पुन्हा एकदा, काही कारण नसताना.

परीक्षेला बाहेरून आलेल्या मॅडमचं नाव वर्गानं आदल्याच दिवशी ठेवलं होतं: गारपीट. जिथे जातील तिथलं उभं पीक आडवं. परीक्षेच्या हॉलमध्ये टिटवीच्या उजवीकडे उंट होता, त्याचा पेशंट म्हणजे ठार बहिरे पोस्टमनआजोबा; डावीकडे रेशीम.

टिटवीनं गुलाबी पावडर पाण्यात कालवली, लगदा जबड्याच्या आकाराच्या ट्रेमध्ये भरला आणि ट्रे कोचबाईंच्या वरच्या जबड्यावर बसवला. लगदा घट्ट होईपर्यंत पेशंटनं नाकानं सावकाश श्वास घ्यायचा असतो. कोचबाईंनी घेतलाच नाही. पाण्याखाली गेल्यासारखा त्यांनी दम रोखला आणि डोळे मिटून स्वस्थ बसल्या. टिटवी म्हणाली, बाई, श्वास घ्या. बाईंनी हात हलवून तिला गप्प केलं. गारपीट मॅडम जवळ आल्या, पेशंटच्या छातीकडे पाहू लागल्या, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. नेमक्या त्याच वेळी पलीकडे उंटानं पोस्टमनआजोबांना तोंड उघडायला सांगितलं, आणि आजोबांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला आपला पत्ता सांगितला. पिनकोडसकट.

कोचबाईंचे खांदे गदगदले. मग ट्रे गदगदला. मग सगळं माप टिटवीच्या हातात आलं, टाळूच्या जागी एक भली मोठी सुरकुती घेऊन.

"एकदा आणखी," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर नाही."

टिटवीनं वाडगा धुतला. तिनं नवा लगदा कालवला, बाईंच्या कानात सांगितलं की आता हसू नका. बाईंनी मान हलवली. ट्रे बसला. आणि उंट, बिचारा, पश्चात्तापानं पोळलेला, टिटवीकडे वळून हात जोडून, डोळे मिटून, ओठांनी माफ कर म्हणू लागला. साडेसहा फुटांचा माणूस कान पाडून उभा. कोचबाईंची नजर तिकडे गेली आणि खांदे पुन्हा हलायला लागले.

"उंटा! तोंड फिरव तिकडे!"

आवाज हॉलच्या भिंतींवर आपटून परत आला. ती रेशीम होती. उंट गर्रकन फिरला. दोन ओळी पलीकडच्या मुलाच्या हातातला वाडगा खाली पडला. कोचबाईंचं हसू जागच्या जागी गोठलं, लगदा तेवढ्यात घट्ट झाला, आणि टिटवीनं ट्रे बाहेर काढला तेव्हा माप इतकं स्वच्छ आलं होतं की बघतच राहावं. खालचं मापही निर्विघ्न झालं. साचे ओतून झाल्यावर गारपीट मॅडमनी ते उजेडाकडे धरले आणि विचारलं, पेशंट कधीपासून बघते आहेस?

खोटं बोलण्याइतका टिटवीत दमच उरला नव्हता. "आज सकाळपासून. हास्यक्लबात मिळाल्या."

मॅडमनी पुढचे प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली. शेवटी त्यांनी विचारलं, यांना कशी कवळी देणार? सूर मारला तरी न हलणारी, टिटवी म्हणाली. मॅडमनी हातातले साचे खाली ठेवले.

"तीस वर्षांत मला नाही जमली ती. कबूल केलंयस?"

"हो."

"मग खरं काय ते आत्ता जाऊन सांग. गुण मी त्यानंतर लिहिते."

टिटवीला तोवरच्या सगळ्या सकाळीत काही गेलं नव्हतं इतकं हे जड गेलं. कोचबाई बेसिनपाशी उभ्या राहून हनुवटीवरचं गुलाबी खरवडत होत्या. टिटवीनं त्यांना सांगितलं की पाण्यात कवळी काढूनच उतरावं लागेल. तसं वचन द्यायला नको होतं, घाईत दिलं. बाईंनी रुमालानं तोंड पुसलं, रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"आणि काठावर? ओरडताना, शिटी फुंकताना?"

"राहील. नाही राहिली तर पुन्हा करीन. तीही नाही राहिली तर आणखी एकदा."

"बघू," बाई म्हणाल्या, आणि रुमाल खिशात टाकला.

टिटवी पास झाली. रेशीमला पहिला नंबर मिळाला आणि उंट काठावर पोचला. परीक्षा संपली तरी कवळीचं काम चालू राहिलं. पहिली कवळी बोलताना टकटक वाजायची. ती मोडीत काढून दुसरी केली. उंट मेणात दात लावायचा, रेशीम घासून गुळगुळीत करायची, टिटवी बसवून बघायची आणि कोचबाई खुर्चीत बसून तिघांनाही रागवायच्या. दुसरी कवळी बसली. बाईंनी खिशातून शिटी काढून कॉलेजच्या क्लिनिकमध्येच फुंकली. वरच्या मजल्यावरून दोन प्राध्यापक धावत खाली आले.

कवळी लावून बाई घरी गेल्या, त्या संध्याकाळी क्लिनिक रिकामं होतं. आठवड्याभरात रेशीम आत्याच्या दवाखान्यात रुजू होणार होती आणि उंट फार लांबच्या गावी.  उंट पेशंटच्या एका खुर्चीत आडवा झाला. पाय निम्मे बाहेर. त्यानं पायानं बटण दाबलं, खुर्ची घर्रघर्र करत वर चढली. टिटवी दुसरीत पडली, रेशीम तिसरीत. कोणाची खुर्ची आधी छताकडे पोचते आणि कोणाची आधी जमिनीला लागते, याच्या शर्यती सुरू झाल्या. उंट प्रत्येक शर्यतीत हरला आणि प्रत्येक वेळी खुर्ची नादुरुस्त असल्याचं शपथेवर सांगत राहिला. शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिघंही वर होती आणि हसता हसता कोणालाच खाली यायचं बटण सापडत नव्हतं.