मुरारीच्या घोडीवरची खोळ

निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यात नानासाहेबांनी जुन्या लष्करी चामड्याचा एवढा पसारा मांडला होता, की त्यांच्या पत्नी विमलबाई पाहुण्यांना चहा व्हरांड्यातच द्यायच्या. काडतुसांचे पट्टे होते, घोडेस्वाराचं खोगीरही होतं. नव्हती ती फक्त खोगिराला अडकवायची रायफलची चामडी खोळ. सहा वर्षं ते तिच्या मागे होते. आणि आज ती चाकणजवळच्या एका जत्रेत, बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, मुरारी नावाच्या गाडामालकाच्या घोडीच्या बगलेला लोंबकळत होती.

नानासाहेब चष्मा सावरत जवळजवळ घोडीच्या पोटाखाली शिरले. ब्रिटिश लष्कराचा बाणाचा शिक्का होता. त्याखाली १९४२ साल कोरलेलं होतं. शिवण मूळची, खोगिराला अडकवायची चामडी वादीही मूळची. अशी खोळ ज्याच्याकडे असते, तो चार संग्राहकांत मुद्दाम हळू आवाजात बोलतो. नानासाहेबांना आयुष्यात एकदा तरी तसं बोलायचं होतं.

"विकायची का ही?" त्यांनी होता होईल तेवढं सहज विचारलं.

"आज्जानं लष्कराच्या लिलावातून आणलेली हाय. आमी झेंडा ठेवतो त्यात," मुरारी म्हणाला. "किती देताय?"

नानासाहेबांनी आकडा सांगितला. मुरारीनं आधी घोडीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं.

"एवढ्यात दुसरी घोडी येती राव. न्या. पर शर्यत झाल्यावर."

"आत्ताच दे. घामानं वादी तुटली तर किंमत निम्म्यावर येईल."

"खोळीची थाप बसल्याबिगर ही पळत न्हाई, साहेब. अन् ही पुढं पळाली न्हाई, तर बैलांनी कुणामागं पळायचं?"

आपण फक्त खोळीवर नजर ठेवायची, असं ठरवून नानासाहेब घाटाच्या कडेला उभे राहिले.

घोडी सुटली. मागून चार बैल धूळ उडवत आले आणि नानासाहेबांचं ठरवणं तिथंच संपलं. भानावर आले तेव्हा ते एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून नाचत होते, टोपी कुठं गेली होती देव जाणे, आणि मुरारीचा गाडा फायनलला गेल्याचं भोंग्यावरून सांगत होते. एवढा आनंद त्यांना कित्येक वर्षांत झाला नव्हता.

थोड्या वेळानं मुरारी खोळ घेऊन आला. वादीचे दोन तुकडे झाले होते.

"घ्या. किंमत निम्मी करा, शब्द मी मोडत न्हाई."

खोळ अजून गरम होती. नानासाहेबांनी ती छातीशी धरली. विमलबाईंना फोन करावा, असं त्यांना वाटून गेलं.

"आणि फायनल?"

"सोडली. बांधायची कशानं? दोर काचतो तिला." कुरकूर न करता मुरारी खोगीर उतरवू लागला.

घोडी मान वळवून आपली मोकळी बगल हुंगत होती. नानासाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, हातातल्या खोळीकडे पाहिलं, आणि स्वतःशीच एक शिवी हासडून कमरेचा पट्टा सोडला. खोळीच्या कडीतून तो ओवला, खोगिराला आवळला.

"चौथ्या भोकात बसतोय. चालेल?"

"पळंल," मुरारी म्हणाला.

फायनलला घोडी सुटली तेव्हा नानासाहेब एका हातानं पँट धरून घाटाच्या कडेनं तिच्याबरोबर पळत होते. खोळीकडे त्यांचं लक्षही नव्हतं.