चौदा आणि पंधरा

अवघड आणि अशक्य हे शब्द लोक एकमेकांच्या जागी वापरतात, आणि कालिंदी त्यांना दर वेळी अडवत असे. अवघड गोष्टीला श्रम पुरतात. अशक्य गोष्टीपुढे साऱ्या जगाचे श्रम एकत्र केले तरी अपुरेच. मुलींच्या शाळेत वीस वर्षे गणित शिकवताना तिने हा भेद इतक्या वेळा सांगितला होता, की वर्गातल्या बंगाली मुली तिच्या पाठीमागे तिची नक्कल करीत.

१९७८ च्या आरंभी कलकत्त्यात चौरंगीजवळच्या एका खेळघरात परदेशी बनावटीचे एक यंत्र आले. त्याच्या पडद्यावर चार ओळींत सोळा घरे होती. पंधरा घरांत एक ते पंधरा हे आकडे विसकटून मांडलेले असत आणि एक घर रिकामे असे. शेजारचा आकडा रिकाम्या घरात सरकवत सरकवत सारे आकडे क्रमाने लावायचे, एवढाच खेळ. नाणे टाकले, की दर वेळी तीच मांडणी पुढे येई. कारकून आले, डॉक्टर आले, बुद्धिबळाचे विजेते आले, आणि सगळे एकाच जागी येऊन थांबले: बाकी सर्व जागच्या जागी, फक्त शेवटच्या ओळीत तेरानंतर पंधरा आणि पंधरानंतर चौदा. एवढ्याशा अदलाबदलीसाठी माघार कोण घेणार? लोक पुन्हा रांगेत उभे राहत.

कालिंदी रांगेत उभी राहिली नाही. तिने पहिली मांडणी वहीत उतरवून घेतली आणि आठवडाभराने त्याच वहीत सिद्धता लिहिली: या मांडणीतून तो क्रम कोणालाही, कधीही लागणार नाही. मराठी मंडळाच्या रविवारच्या सभेत ती हे सर्वांसमक्ष मांडणार होती. खेळघराच्या मालकालाही तिने निमंत्रण पाठवले होते. “बाईंना जमलं नाही, म्हणून कुणालाच जमणार नाही म्हणतात,” असे तो हसून म्हणाल्याचे तिच्या कानावर आले होते.

“पण ताई, लोकांना दाखवणार काय? यंत्र थोडंच उचलून आणता येईल?” तिचा धाकटा भाऊ गुरुदत्त म्हणाला. बेहाल्यात त्याचे टेलिव्हिजन दुरुस्तीचे दुकान होते आणि मागच्या दोन खोल्यांत घर. “मीच तसा खोका बनवतो. घरच्या टेलिव्हिजनला जोडला की झालं.”

ती बढाई नव्हती. खेळघरातले यंत्र सांभाळणारे हारानबाबू त्याचे स्नेही होते. यंत्राच्या आतल्या तारांना उजवीकडून क्रमांक दिलेले असत. कोणत्या तारेला कोणता आकडा, याची यादी हारानबाबूंनी दुकानातल्या फोनवर सांगितली. गुरुदत्त तेव्हा बाहेर होता. लग्न होऊन साताऱ्याहून आलेली त्याची बायको शकुन हिने ती उतरवून घेतली. पुढे पंधरा दिवस गुरुदत्त डाग देत बसला, आणि सभेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, घरच्या पडद्यावर ते पंधरा आकडे उमटले.

त्या दिवशी पाच वाजता कालिंदी शाळेतून आली, तेव्हा तो दारातच उभा होता.

“ताई, आधी बस.”

“बसायला काय झालंय? खोका बिघडला का?”

“खोका उत्तम आहे. शकुननं लावलं.”

“काय लावलं?”

“सगळं. चौदा, पंधरा, सगळं क्रमानं. मी या डोळ्यांनी पाहिलं.”

शकुन पदराला हात पुसत बाहेर आली. “वन्सं, मुद्दाम नाही हो केलं. डाळ शिजत होती, शिट्ट्या मोजत बसले होते. हात आपला चालत राहिला.”

“पुन्हा लाव,” कालिंदी म्हणाली. “माझ्यासमोर.”

शकुनने खोक्यावर हात ठेवला, आणि वीज गेली. समोरच्या वाण्याने कंदील पेटवला. आता दोन तासांची निश्चिंती.

कालिंदी वही घेऊन खिडकीशी बसली. वडिलांच्या सरकारी नोकरीत दर तीन वर्षांनी बदली होई. नागपूर, जबलपूर, कटक. प्रत्येक गावी एक शाळा सुटली आणि मैत्रिणी सुटल्या. पुन्हा कधीही सोडून द्यावी लागणार नाही अशी एकच गोष्ट तिला त्या वयात सापडली होती. सिद्ध झालेले विधान कटकमध्येही खरे असते आणि कलकत्त्यातही. आज ते जर डाळ शिजेपर्यंतही टिकत नसेल, तर वीस वर्षे तिने मुलींना काय शिकवले? तिने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तीनदा तपासले. चूक नव्हती. आणि चूक नाही, हेच सर्वांत भयंकर होते.

“रविवारी विषय बदल की,” गुरुदत्तने वातावरण हलके करण्याचा यत्न केला. “‘अशक्य’मधला ‘अ’ खोडून टाक.”

“गप्प बसा हो तुम्ही!” शकुन त्याच्यावर खेकसली. मग हळूच म्हणाली, “वन्सं, मी कुण्णाला सांगणार नाही. देवाशप्पथ.”

“खरं लपवून सिद्धता वाचत नसते, शकुन.”

सात वाजता वीज आली. पडद्यावर मूळ मांडणी उजळली. कालिंदीने पडद्याकडे पाहिले, वहीकडे पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिले. वहीतली पहिली ओळ होती सहा, अकरा, दोन, नऊ. पडद्यावर होती नऊ, दोन, अकरा, सहा. खालच्या तिन्ही ओळी तशाच उलट्या, जणू आरशात.

“यादी घेताना हारानबाबू नेमकं काय म्हणाले?”

“म्हणाले, ‘बौदी, डान दिक थेके लिखुन.’ म्हणून मी सगळं डावीकडून लिहिलं.”

गुरुदत्तने कपाळावर हात मारला. “अगं, डान म्हणजे उजवं!”

“मग डाव्याला काय म्हणतात?”

“बाँ!”

“हे कसलं उलटं गाव बाई! पाच वर्षं मी रिक्षावाल्यांना डान डान म्हणून ओरडत्येय आणि मेले मला भलत्याच गल्लीत नेऊन सोडताहेत!”

गुरुदत्त हसत सुटला. कालिंदी हसली नाही. तिने कोऱ्या पानावर सोळा घरे काढून बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक काळी केली. तिच्या सिद्धतेचा सारा भार एवढ्यावरच होता: प्रत्येक चालीत एक अदलाबदल होते आणि रिकामे घर काळ्यावरून पांढऱ्यावर किंवा पांढऱ्यावरून काळ्यावर जाते. अदलाबदलींची सम-विषम संख्या आणि रिकाम्या घराचा रंग यांचा मेळ कधी तुटत नाही. खेळघरातल्या मांडणीत तो मेळ पहिल्यापासूनच नव्हता, म्हणून कितीही चाली केल्या तरी तो जुळणार नव्हता. मांडणी आरशातल्यासारखी उलटली, तर आठ जोड्यांची अदलाबदल होते. आठ ही सम संख्या. तेवढ्याने काहीच बदलत नाही. पण रिकामे घर उडी मारून दुसऱ्या रंगावर जाते, आणि नसलेला मेळ जुळतो.

तिच्या अंगावर काटा उभा राहिला. चौरंगीवर हजारो माणसांनी ज्या दारावर डोके आपटले, त्या दारामागे भिंत होती. तेच पंधरा आकडे, तेच एक रिकामे घर. एका शब्दाने डावे-उजवे केले आणि भिंतीच्या जागी वाट झाली. शकुन त्या वाटेने शिट्ट्या मोजत निघून गेली होती. आणि वहीतली सिद्धता जागची हलली नव्हती. उलट, ती न शिकलेल्या माणसाच्या हातांनी आज तिचीच दुसरी बाजू लिहून पुरी केली होती. एवढे मोठे काहीतरी या दोन खोल्यांत, डाळीच्या वासात घडावे, याचे तिला राहून राहून आश्चर्य वाटत होते.

“म्हणजे माझं चुकलंच ना?” शकुनने भीत भीत विचारले.

“चुकलं. आणि असं चुकलीस, की मला सात जन्मांत सुचलं नसतं.”

“तासाभरात सरळ करून देतो,” म्हणत गुरुदत्तने डाग द्यायची कांडी उचलली.

“खबरदार हात लावलास तर!” कालिंदी म्हणाली. “एक कळ बसव. इकडे केली की हारानबाबूंची मांडणी, तिकडे केली की शकुनची. रविवारी पहिलीवर त्या मालकाला बसवू. दुसरीवर शकुन बसेल.”

“मी? सगळ्या मंडळासमोर?” शकुन दोन पावले मागे सरकली. “छे हो वन्सं, मला नाही जमायचं. अगदी अशक्य!”

कालिंदीने वहीतले कोरे पान उघडले आणि पेन तिच्यापुढे धरले.

“अशक्य? बस इथे. सिद्ध करून दाखव.”