झुलालनानांचा मेन स्विच

एकतीस वर्षं झुलालनानांनी डिझेलच्या बसगाड्या हाकल्या, पण त्यांच्या चुकीने एकही गाडी बिघडली नाही. हीच त्यांची मिरवायची कमाई. निवृत्तीला चार महिने उरले, आणि नेमकी तेव्हाच त्यांच्या हाती जळगाव-धुळे मार्गावरची हायड्रोजनची चाचणी बस आली. घ्या!

पहिला आठवडा झकास गेला. मग बसने अंग चोरलं. पाय पुरता दाबला तरी ढिम्म. पारोळ्याच्या पुढे एक ट्रॅक्टरवाला नानांना मागे टाकून गेला, वर मागे वळून हसला. नानांच्या अंगाची लाही लाही झाली. डिझेलची असती तर आवाजावरून दुखणं सांगितलं असतं. हिला आवाज नाही, धूर नाही, मागून नुसतं पाणी गळतं. समोरच्या पडद्यावर अक्षरं आली, 'जोर मर्यादित'. कोणी केला मर्यादित? नानांचं डोकं चालेना.

धुळ्याला कंपनीची इंजिनिअर नूतन लॅपटॉप घेऊन आली. यंत्रात दोष निघाला तर बस माघारी जाणार होती. चालकाचा निघाला तर नानांच्या नावावर बिघाड लागणार होता.

"नाना, गाडी उभी केल्यावर काय करता?"

"किल्ली काढतो अन् मेन स्विच पाडतो. नाही पाडला तर बॅटरी उतरते. आम्ही बठ्ठे ड्रायव्हर तसंच करतो."

"लगेच?"

"मग! किल्ली काढली तरी ही बया आत घूंघूं करत राहते. बॅटरी खाईल ना. पळत जाऊन पाडतो."

नूतनने कपाळाला हात लावला.

"तो पंखा आहे, नाना. ही गाडी वीज बनवते तेव्हा आत पाणीही होतं. किल्ली काढल्यावर कंट्रोलचा संगणक दोन मिनिटं हवा फुंकून ते पाणी बाहेर काढतो. तुम्ही मधेच वीज तोडलीत. चौतीस वेळा. पाणी साचलं, म्हणून यंत्र वाचवायला त्यानेच जोर कमी केला."

"म्हणजे बंद केलेली गाडी बंद नव्हती?"

"बंद होत होती."

नानांना हे काही केल्या उमजेना. गाडी एक तर चालू असते, नाही तर बंद. होत होती म्हणजे काय? एवढंच कळलं की करायला गेलो गणपती अन् झाला मारुती. फार वाईट वाटलं त्यांना.

नूतन हळूच म्हणाली, "कारण समजलं नाही, असं लिहिते. तुमचं नाव येणार नाही."

"अन् बस?"

"ती मात्र जाईल परत. दोष तिचाच धरतील."

नानांनी बसच्या पत्र्यावर हात ठेवला. तिच्यातलं त्यांना आजही काही कळत नव्हतं.

"माझं नाव लिहा, ताई," ते म्हणाले. "चौतीस वेळा, पुरतं लिहा. ती मुकी शे म्हणून तिच्यावर आळ घालायचा, हे माझ्याने व्हायचं नाही."